आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही

सातपूरच्या एका कारखान्यात निकिता थेटे तपासणीच्या टेबलावर होती. प्रेसवर कापलेले पत्र्याचे तुकडे तिच्यापुढे येत. कड, भोक, माप बघायचं आणि चांगला माल एकीकडे, खराब एकीकडे करायचा. नऊ वर्षं हेच काम केल्यामुळे डोळा इतका बसला होता की माप लावायच्या आधीच तिला कळायचं, हा तुकडा परत जाणार.

प्रेसच्या पुढे सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण मशीन सारखं थांबायला लागलं की उत्पादन मागे पडतं, म्हणून तीन नंबरच्या प्रेसचा सेन्सर वायर जोडून मुका करून ठेवला होता. सगळ्यांना माहीत होतं. फेब्रुवारीत मंगलाबाईंची दोन बोटं त्याच प्रेसखाली गेली, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

मंगलाबाई हरसूलकडच्या, पन्नाशीच्या. निकिता त्यांना भेटायला गेली तेव्हा बँडेज बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"आपण तक्रार करू, मावशी."

"नको गं. माझी सून बी तिथंच कामाला हाय. माझी बोटं गेली ती गेली, तिचं काम नको जायला."

निकिता घरी आली ती मनात धुमसतच. तिचा धाकटा भाऊ दीपक कॉलेज रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्यानेच सुचवलं, की ब्लॉग काढ, नाव देऊ नकोस, आणि आधी व्हीपीएन टाक. त्याने तिच्या फोनवर हिरव्या ढालीचं चिन्ह असलेलं अ‍ॅप चढवलं.

"आता तू जे काही पाठवशील ते आधी यांच्या मशीनकडे जाणार आणि तिथून पुढे," तो म्हणाला. "समोरच्याला यांचा पत्ता दिसेल, तुझा नाही."

"आणि यांना माझा दिसेल?"

"यांना दिसेल. पण हे नोंद ठेवत नाहीत. बघ, लिहिलंय." अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, 'आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही.' त्याच्या खालीच मोबाइल नंबर मागितला होता. निकिताने तो दिला.

दोन महिन्यांत तिने पाच लेख लिहिले. कोणत्या प्रेसचा सेन्सर बंद आहे, कोणत्या पाळीत कोणाचा हात थोडक्यात वाचला, रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं. तपासणीच्या टेबलावर जसं लिहायची तसंच लिहिलं, तारीख, वेळ, मशीन. लेख फोनवरून फोनवर फिरले. जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याच समोर ते वाचून दाखवायच्या आणि ती खाली मान घालून डबा खायची.

मे महिन्यातल्या एका सोमवारी रोहित सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते कामगारांचं खातं बघायचे. माणूस आवाज चढवणारा नव्हता.

"बसा, निकिताताई." त्यांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. पाच ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि शेवटी तिचा मोबाइल नंबर. "ब्लॉगवाल्यांकडून त्या अ‍ॅपचा पत्ता मिळाला, मग आमच्या वकिलांनी अ‍ॅपवाल्यांना नोटीस पाठवली. आठवड्याच्या आत हे आलं."

"कोर्टाचा हुकूम होता?"

"नाही. नुसती नोटीस." त्यांनाही त्याचं नवल वाटलेलं दिसत होतं. मग त्यांनी दुसरा कागद काढला. "हा माफीनामा. लेख खोटे होते असं लिहून द्या, ब्लॉग काढून टाका. विषय संपला. तुमचं काम चांगलं आहे, आम्हाला तुम्हाला गमवायचं नाही."

निकिताने पाच ओळी पुन्हा वाचल्या. तारखा बरोबर होत्या, वेळाही.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि माफीनामा घेऊन उठली.

संध्याकाळी तिने त्या अ‍ॅपवाल्यांना लिहिलं, तुम्ही नोंद ठेवत नाही म्हणालात, मग ही कुठून आली? उत्तर लगेच आलं, भाषा अगदी गोड. आपण इंटरनेटवर काय पाहता याची नोंद आम्ही ठेवत नाही. आपण कधी जोडले गेलात याची ठेवतो. आमच्या अटींच्या एकविसाव्या कलमात ते नमूद आहे. आपण आमच्या परिवाराचा भाग आहात.

दीपकचा चेहरा पडला. "माझीच चूक ताई. फुकटचं घ्यायला नको होतं. चांगल्या कंपन्या आहेत, बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून घेतात. त्यातलं एक टाकून देतो."

"त्या चांगल्या असतीलही. पण तिथंही कोणावर तरी विश्वासच ठेवायचा ना?" निकिता म्हणाली. "कारखान्यापासून लपायला मी माझा नंबर या लोकांच्या हातात दिला. मी कोण, ते कोण? मंगलामावशींची सून मला रोज समोर दिसते, हे अ‍ॅपवाले मला कधी दिसलेत?"

"मग माफीनामा देणार?"

"खोटं काय लिहिलंय मी?"

निकिताने फोन घेतला, ब्लॉग उघडला आणि सहावा लेख लिहिला. त्यात अ‍ॅपचं उत्तर जसंच्या तसं टाकलं, एकविसाव्या कलमासकट, म्हणजे निदान इतर कोणी फसू नये. आणि खाली लिहिलं, हे सहाही लेख मी लिहिलेत. निकिता थेटे, तपासणी विभाग. सोबत स्वतःचा फोटोही लावला. मग ते अ‍ॅप काढून टाकलं.

मंगळवारी ती स्वतःहून केबिनमध्ये गेली आणि माफीनामा सही न करताच परत ठेवला.

"विचार केलात ना?" रोहित सर म्हणाले. "वकील अब्रूनुकसानीचा दावा लावतील."

"लावू द्या. कोर्टात पहिला प्रश्न सेन्सरचाच निघेल. वायर कोणी जोडली, कोणाच्या सांगण्यावरून, ते मी तारखेनिशी सांगेन. आणि तुमच्या त्या कागदाचे आभार. मी कधी लिहिलं, याला आता तुमचाच पुरावा आहे."

तिला त्याच दिवशी निलंबित केलं. गेटवर तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि पाळी सुटायच्या आधीच ती एकटी बाहेर आली. ती बस थांब्यापर्यंत ताठ चालत गेली, कारण पॅकिंगच्या खिडकीतून बायका बघत होत्या.

गुरुवारी मंगलाबाई तिच्या दारात आल्या, सोबत सून नवसाबाई.

"तुझं नाव वाचलं ह्या पोरीनं," मंगलाबाई म्हणाल्या. "मी इचार केला, हिची बोटं शाबूत हायेत तरी ही उभी राहिली, मी कशाला घरात बसू? लिही माझी तक्रार. सही डाव्या हातानं करीन, वाकडी येईल, पण माझीच असंल."

"आणि नवसाबाईचं काम?"

"मलाच त्या प्रेसवर बसवलंय आता," नवसाबाई म्हणाली. "माझी बी सही घ्या."

आठवडाभरात अकरा जणींनी सह्या दिल्या. सगळ्या आपापल्या नावाने, आपापल्या गावासकट. तक्रार सरकारच्या कारखाना निरीक्षकांकडे गेली, अधिकारी आले, मशीनच्या मागची वायर त्यांना नवसाबाईने स्वतः दाखवली. सगळ्या प्रेसचे सेन्सर आता चालू आहेत. रजिस्टरमधला तो शेरा मात्र अजून खोडलेला नाही, आणि मंगलाबाईंच्या भरपाईचं प्रकरण तारखांवर तारखा खातंय. अब्रूनुकसानीचा दावा अजून तरी आलेला नाही.

निकिताला परत घेतलं नाही. ती आता अंबडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये माल तपासते. मुलाखतीच्या वेळी तिथल्या मालकांनी विचारलं होतं, "इंटरनेटवर लिहिणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"मीच," ती म्हणाली. "तुमच्या प्रेसचे सेन्सर आधी बघून घेते, मग कामाचं बोलू."