आबांच्या मनगटाची दोरी

गल्लीत आबांना सगळे तोफ म्हणत, आणि तेही तोंडावर. बावीस वर्षं सैन्यात तोफांवर काढलेला माणूस, घरी परतला तो गडगडाट बरोबर घेऊनच. आबांनी चहा मागितला की पलीकडच्या तीन घरांना कळायचं. पण माणूस असा की कुणाचं काही अडलं तर त्यानं सरळ यांचं दार गाठावं. सकाळी सव्वासातला शिट्टी घेऊन शाळेच्या चौकात उभे राहायचे, ते शेवटचं पोर रस्ता ओलांडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. एकदा मागून एका ट्रकवाल्यानं कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला, तर आबांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. याला म्हणतात फौजी, असं लोक पुढे महिनाभर बोलत होते.

आणि मन मोकळं करायचं तर तेही आबांपाशीच. कोपऱ्यावरची शिंपीण यायची, निवृत्त पोस्टमन यायचा, नवऱ्याशी भांडून निघालेली एखादी डोळे पुसत यायची. आबा समोरच्या खुर्चीत बसवायचे आणि बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवायचे नाहीत. मध्ये तोंड घालणं नाही, घड्याळ बघणं नाही. हल्ली कोण कुणाचं एवढं ऐकतो हो? लोक येताना रडत यायचे आणि जाताना हलके होऊन जायचे.

त्यांची सून सकाळी नऊपासून बस स्टँडवर घोषणा करायला असायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगून सांगून तिचा आवाज गावभर ओळखीचा झाला होता. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूला जाऊन चार वर्षं झाली होती. लेक चिंगी चार महिन्यांची झाली तेव्हा नोकरी धरावी की पोर धरावं, या विचारानं सुनेची झोप उडाली होती. आबांनी एका वाक्यात निकाल लावला. पोर माझ्यावर सोड, म्हणाले. ती रोज पोर सोडून कामाला जायला लागली, आणि आता त्याला आठ महिने होत आले होते. एकदा आबा चिंगीला कडेवर घेऊन स्टँडवर आले होते, भोंग्याच्या खाली उभे राहून घोषणा होईपर्यंत हसत होते. सासरा आपला आवाज ऐकायला आला, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं होतं.

त्या दिवशी मात्र तिच्या घशानं दगा दिला. सकाळी खवखव, दहाला घोगरेपणा आणि अकराच्या गाडीला तोंडातून नुसती हवा. डेपो मॅनेजरनं गरम पाणी पाजून बघितलं, मग कपाळाला हात लावून तिला घरी पाठवलं. घरी मी फोन करून सांगतो, तुम्ही बोलायचे कष्ट घेऊ नका, असंही म्हणाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं बेल दाबली आणि आत पाऊल टाकलं. भिंतीच्या फळीवर फोन कोकलत होता, मॅनेजरचाच असणार. आबा फळीपासून दोन हातांवर, दाराकडे पाठ करून मटार सोलत बसले होते. फोन वाजतोय, बेल वाजली, आणि हे आपले शांतपणे दाणे काढताहेत. रुसलेत की काय, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिला ती दोरी दिसली.

आबांच्या डाव्या मनगटाला एक पांढरी दोरी बांधलेली होती. ती जमिनीवरून सरळ आतल्या खोलीत गेली होती. सून दोरीमागे आत गेली. दोरीचं दुसरं टोक पाळण्यात, झोपलेल्या चिंगीच्या घोट्याला होतं. पोर बांधून ठेवलं होतं. वासरू बांधावं तसं बांधून ठेवलं होतं.

ती खाली वाकली आणि गाठ ओढायला लागली. एक हिसका बसला मात्र, बाहेर मटारांचं ताट उपडं झालं आणि आबा धावत दारात आले. पासष्टी ओलांडलेला माणूस एवढ्या चपळाईनं उठेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

मग सून जी सुटली ती सुटलीच. माझ्या पोरीला दावणीला बांधता? लाज नाही वाटली? रोज बांधता का? मी विश्वासानं टाकून जाते आणि तुम्ही हे धंदे करता? जन्मात सासऱ्यासमोर आवाज न चढवलेली बाई, त्या दिवशी तिनं काहीही बाकी ठेवलं नाही.

आबांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. बांधलेली नाही गं, सैल आहे, बोट घालून बघ. आत मऊ फडकं शिवलंय. रोज, हो, रोज. ती झोपली की तेवढंच, आणि मी इथून हलत नाही.

उत्तर ऐकता ऐकता सुनेच्या अंगावर काटा आला. तिला एकदम आठवलं की आपल्या घशातून आवाज निघतच नाहीये. एवढा वेळ ती ओरडत होती ती नुसती हवा होती. तरी या माणसाला शब्द न् शब्द कळला होता. आणि तुझ्या आवाजाला काय झालं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून कुजबुजली. आबांचा चेहरा कोरा पडला. "हात काढ," ते गडगडले. तिनं पाठ फिरवली, कोपऱ्यातलं स्टुलावरचं पातेलं उचललं आणि धाडकन जमिनीवर टाकलं. चिंगी दचकून रडायला लागली. पातेल्याचा धक्का फरशीतून पायांना लागला तेवढी आबांची नजर खाली गेली. मग त्यांनी मनगटाकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि मग सुनेकडे.

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

आबांनी चिंगीला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटून शांत केलं, पुन्हा पाळण्यात ठेवलं. दोरी तशीच राहिली. मग ते बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू बोलले की तिला पुढे सरकावं लागलं.

"सहा वर्षं झाली. डावा कान तोफेनंच नेला होता. उजवा हळूहळू गेला."

सासूला ठाऊक होतं. ती चारचौघांत शेजारी बसायची आणि कुणी हाक मारली की गुडघ्याला बोट लावायची. ती गेली आणि आबा एकटे पडले. तोवर ओठ वाचायची सवय झाली होती. मुलाशी फोनवर बोलायचं तर तोंड दाखव, म्हणायचे. मुलाला वाटायचं, म्हातारा हळवा झालाय.

सुनेच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरायला लागली. तो ट्रक. ती पोस्टमनच्या तोंडावरून न हलणारी नजर. स्टँडवरच्या भोंग्याखालचं हसू. गल्लीभर ज्याला धीर म्हणत होते, माया म्हणत होते, ते हे होतं? आणि चिंगी? आठ महिने आपण पोटचा गोळा एका ठार बहिऱ्या माणसावर टाकून जात होतो.  तिला रडूही येईना.

आबा सांगत राहिले. सरहद्दीवर पहाऱ्याच्या रात्री बोलायची बंदी असायची. एका खंदकातून दुसऱ्या खंदकात दोरी न्यायची, दोघांच्या मनगटाला. एक हिसका म्हणजे मी जागा आहे, दोन म्हणजे ये. ती दोरी कधी चुकली नाही, म्हणाले. पोर कुशीवर वळलं तरी मला कळतं.

"यंत्र का नाही लावलंत?" तिनं ओठांनी विचारलं.

"कानात यंत्र दिसलं की लोक ओरडून बोलतात," आबा म्हणाले. "आपलं दुःख कुणी ओरडून सांगत नाही गं. येणंच बंद होतं. आणि तू पोर ठेवली असतीस का माझ्यापाशी?"

तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान हलवली. नाही.

आबांनी ती मान बघितली आणि खाली वाकून सांडलेले मटार गोळा करायला लागले. एकेक दाणा उचलताना त्यांनी वर बघितलंच नाही. गोळीला न भ्यालेला माणूस तिच्या एका नकाराला भ्याला होता, हे तिला दिसलं. पण राग काही जाईना. पोर घुसमटलं असतं तर? दोरी पायात गुंतली असती तर? सव्वासातला चौकात एखाद्यानं ब्रेक न लावता गाडी घातली असती तर?

तेवढ्यात आबा हातातले मटार तसेच टाकून उठले आणि आत गेले. तिला काही ऐकू आलं नव्हतं. ती मागोमाग गेली. चिंगी पाळण्यात उठून बसली होती आणि दोन्ही हातांनी कठड्याला धरून बाहेर झुकली होती. आबांनी तिला अलगद धरलं, आणि त्यानंतर कुठे तिनं भोकाड पसरलं. चांगले दोन कान असलेली आई रडण्याची वाट बघत बसली असती, आणि तोवर पोर डोक्यावर पडलं असतं.

 सून आबांच्या समोर आली, चेहरा उजेडात येईल अशी, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत गेली. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्र लागेपर्यंत मी नसताना शिंपीण इथे बसून शिवेल, तिला काय ते मी सांगते. दोरी पायाला नाही, पाळण्याला बांधायची. आणि उद्यापासून सकाळी चौकात मी तुमच्या मागे उभी राहणार.

"मागे कशाला?"

"मागचं तुम्हाला कळत नाही म्हणून."

आबांनी मान डोलावली. यंत्राला नाही म्हणाले नाहीत, शिंपिणीलाही नाही. चिंगी त्यांच्या खांद्यावर जीव तोडून रडत होती आणि ते तिच्या उघड्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी चोरी करताना पकडलेल्या मुलासारखं विचारलं, "एक सांग. ही रडते कशी गं? बारीक आवाज आहे का?"

सुनेला आता रडू आलं. तिनं ते पुसलं, कारण तोंड वेडंवाकडं झालं तर त्यांना वाचता आलं नसतं.

"बारीक कसला, आबा. तुमच्यासारखा आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जातो."

आबा हसले, ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात. पलीकडच्या तीन घरांना कळलं.