न्हाणीतला ओळंबा

धुडकू गवंड्याने भिंतीचा सरळपणा जोखायचा ओळंबा बांबूच्या तट्ट्यावरून न्हाणीत सोडला आणि स्वतः पाठ फिरवून बाहेर उभा राहिला. आत त्याची बायको सरलाबाई हिने लेकीच्या, तापीच्या, मणक्यांवर मानेपासून कमरेपर्यंत ओल्या कुंकवाचे ठिपके दिले होते. दोरी मानेच्या ठिपक्याला लावायची आणि मधला ठिपका तिच्यापासून किती सरकलाय ते बोटांनी मोजायचं.

ही युक्ती शहाद्याच्या डॉक्टरांची. तापीला धुळ्याला नर्सिंग शिकायला जायचं होतं आणि अर्जावर त्यांची सही हवी होती. तिचा एक खांदा त्यांना उतरता वाटला. उगाच पोरीला किरणांच्या यंत्राखाली कशाला घालायचं, ते म्हणाले. तीन सकाळी दोरी लावा, अर्ध्या बोटाच्या आत भरलं तर सही करतो. जास्त भरलं तर मात्र फोटो काढावा लागेल, आणि तोवर यंदाचा प्रवेश हुकेल.

पहिल्या सकाळी बोटभर निघालं. दुसऱ्या सकाळीही बोटभरच. सारखं तेच येणारं माप खोटं कसं म्हणावं? अख्ख्या प्रकाशा गावात धुडकूच्या भिंतीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, आणि त्याचीच पोर वाकडी निघाली म्हणून पारावर त्याची यथेच्छ टिंगल झाली. धुडकूही त्यात हसला. दोन दिवस त्याला भूकही झकास लागली होती. पोर गेल्यावर घर खायला उठेल, ही धास्ती मनातून गेली होती.

"आजबी बोटभरच," सरलाबाई आतून म्हणाली.

मग तापी हसत म्हणाली,

"आबा, मन्ही भितच वाकडी शे. पाडीसन नवी बांधा."

हसणं शेवटच्या शब्दाला फाटलं. पोरगी लहानपणापासून अशीच. रडू आलं की आधी चेष्टा करायची. धुडकूने पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

"तिले घरमा उभी कर," तो म्हणाला. "आठे फरशीले ढाळ शे."

पाणी साचू नये म्हणून अठ्ठावन्न साली त्याने स्वतःच्या हाताने मोरीकडे चांगला सढळ ढाळ काढला होता. बाईमाणसाची पाठ उघडी करायची तर आडोसा न्हाणीचाच, म्हणून मायलेकींनी तीच जागा धरली; आणि ढाळावर एक पाय खाली गेला की कमर कलणारच.

मधल्या घरात सपाट जमिनीवर दोरी ठिपक्यांना घासून खाली आली. मधल्या ठिपक्याशी काडीभर फरक होता, तोही श्वासागणिक हलणारा. तापी पदर खोचत शेजारी सांगायला धावली.

सरलाबाई कुंकवाची बोटं पुसत दारात आली. धुडकू बाहेरच्या अंगाला उंबऱ्यावर बसला होता.

"हाई तुमले कवय समजनं?"

"पहिलाच दिनले," धुडकू म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली.