उणे एकशे त्र्याऐंशी अंशांखाली

मित्रांनो, नखाएवढ्या स्फटिकावर बसवलेली मी एक जुनी, काळी फिल्म, म्हणजे पातळ थर आहे. जाडी केसाच्या दोनशेव्या भागाएवढी. माझी जात अतिवाहकाची, म्हणजे पुरेसे गारठवले की विजेला अजिबात न अडवणाऱ्यांची.

वडीगोद्रीच्या दैवशालाबाईंनी पुण्यात संशोधन करताना मला घडवले. नवीन जालन्यातल्या एका महाविद्यालयात त्यांना नोकरी लागली, तेव्हा कोरड्या डबीत घालून त्यांनी मला सोबत आणले.

तिथे विभागप्रमुख अण्णासाहेब भेटले. "ही कोळशाची कपची कशाला आणली?" त्यांनी विचारले. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस! त्याच दिवशी ते माझ्या मनातून उतरले.

प्रयोगशाळा बंद करून तिथे जुन्या खुर्च्या रचायचे घाटत होते. तपासणी समितीला काही दाखवले, तरच ती वाचणार होती. मला थंड करायला द्रवरूप नायट्रोजन हवा, म्हणून बाई जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथले शिपाई तातेराव हसले.

"बाई, ह्याच्यात आम्ही वळूचं बीज ठेवतो. तुम्ही काय गारठवून राह्यल्या?"

बाईंनी सांगितले. तातेरावांनी नीट ऐकून घेतले आणि भांडे भरून दिले. अण्णासाहेबांना एवढेही कधी जमले नाही.

समितीसमोर मला एका दांडीच्या टोकाला बसवून, चार तारा जोडून नायट्रोजनमध्ये थंड केले. एरवी माझ्यातले इलेक्ट्रॉन ठेचकाळत जातात. उणे एकशे त्र्याऐंशी अंशांखाली ते जोड्या करून निघाले आणि रोध शून्य झाला. मीटरवर शून्य दिसताच अण्णासाहेब पुढे सरसावले. "आमच्याच मार्गदर्शनाखाली झालंय हे!" म्हणत त्यांनी मला दांडीसकट बाहेर ओढले आणि माझ्यावर जमलेले दव रुमालाने खसाखसा पुसले. तारा निखळल्या, अंगावर आडवा ओरखडा उठला. प्रयोगशाळा वाचली, मी निकामी झाले.

"फेका ते आता," अण्णासाहेब म्हणाले.

बाईंनी फेकले नाही. ओरखड्याचा भाग कापून टाकला, उरलेल्या तुकड्याला नव्या तारा लावल्या आणि वर्गासमोर मला पुन्हा नायट्रोजनमध्ये सोडले. पुन्हा शून्य! लगेच अण्णासाहेबांचा तोच हात पुढे आला.

"सर, हात मागं घ्या. बिलकुल लावायचा न्हाई," बाई म्हणाल्या.

"अहो, मी प्रमुख आहे इथला!"

"असाल. मागं घ्या."

सगळ्या वर्गादेखत तो हात मुकाट खिशात गेला.

मित्रांनो, मला ओल सोसत नाही, घासणे तर मुळीच नाही. मला कोरडे ठेवा, चिमट्याने धरा. आणि जे कळत नाही, त्याला हात लावण्याआधी विचारा. विचारण्यात कसली लाज? अण्णासाहेबांनी मात्र अजून विचारलेले नाही.