करकोच्याची मान

मी एक गोष्ट बोलतेय. माझं माहेर ग्रीक, सासर इंग्रजी. माहेरी हजारो वर्षं तोंडी आणि पोथ्यांतून सुखाने नांदले. सासरी आले आणि छापली गेले. छापलं की नाव चिकटतं, आणि मला चिकटलंय ते चुकीचं.

मी तशी एवढीशी. लांडग्याच्या घशात हाड अडकतं. कळवळून तो बक्षीस कबूल करतो. करकोचा आपली लांब मान त्याच्या जबड्यात घालून हाड काढतो आणि बक्षीस मागतो. लांडगा म्हणतो, “मान शाबूत बाहेर आली, हेच बक्षीस समज.” गरज सरो, वैद्य मरो. संपले मी.

माझा इंग्रजी जन्म एका प्राध्यापकांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. त्यांची नजर गेली होती. वाचून दाखवायला कोणीतरी हवं, म्हणून त्यांनी बहिणीला ग्रीक शिकवलं. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. केस पिकले तरी धाकटीच. सकाळची भांडी आवरली की ती हात पुसून बसायची. ती ग्रीक वाचायची, दादा इंग्रजी सांगायचे, ती लिहून घ्यायची. पण दादांची वाक्यं म्हणजे ओली लाकडं, पेटता पेटत नसत. धाकटी ती वाक्यं मनातल्या मनात मोडायची, नवी करायची आणि ती नवीच दादांना मोठ्याने वाचून दाखवायची. दादा खूश होऊन म्हणायचे, “बघ, कसं सुचलं मला!”

ती हसायची. तिचं ते हसणं मला अजून सलतं. तेव्हाच सांगायला काय झालं होतं? पण डोळे गेलेल्या माणसाला निदान एवढं तरी सुख असू दे, असं तिला वाटायचं. आणि दादांना खरंच वाटायचं की वाक्यं आपलीच आहेत.

पुस्तक छापायला गेलं. छापखान्यातून तपासायला आलेले कागदही तिनेच वाचून दाखवले. पहिल्या पानावर एकच नाव होतं, दादांचं. ते वाचून ती घुटमळली, मग म्हणाली, “दादा, खाली माझंही नाव घालू या का?”

“तुझं? ते कशाबद्दल?” दादांना मनापासून नवल वाटलं. “अगं, घरबसल्या ग्रीक शिकलीस. किती जणींच्या नशिबी असतं? तेच बक्षीस समज. हं, वाच पुढे.”

मी तिच्या हातातच होते. ते शब्द मी ओळखले, तिनेही ओळखले. जन्मभर वर्गात मुलांना मला शिकवणाऱ्या दादांना मात्र ते ओळखता आले नाहीत. धाकटीने पान उलटलं आणि वाचू लागली.

दादा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता धाकटीलाही दिसत नाही. दादांची मुलगी अधूनमधून येते आणि मला वाचून दाखवते. परवा शेवटची ओळ वाचून म्हणाली, “बाबांनी काय सुंदर लिहिलंय ना, आत्या!”

“मग करकोचा काय म्हणाला?” धाकटीने विचारलं.

“काहीच नाही. गोष्ट तिथेच संपते.”

“बोलायला हवं होतं गं त्याने.”

“असं कसं? बाबांना कळत नव्हतं का?” भाची हसली, मला मिटून टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेली.

वाचकहो, निरोप घेते. मला उघडाल तेव्हा पहिल्या पानावर विश्वास ठेवू नका. करकोच्याची मान शाबूत बाहेर आली, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. धाकटीची कुठे आली?