गप्प माणसांच्या घरातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. उमेदीची वर्षं मी ऑल्विन नावाच्या लिलाववाल्याबरोबर मेंढ्यांच्या लिलावात घालवली. काय आवाज होता माझा! पुढे ऑल्विन क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथात गेला, त्याने लिलाव सोडला आणि मला त्यांच्या प्रार्थनाघरात आणलं. तिथे माझी पंचाईत झाली. ही मंडळी गोल करून बसतात आणि तासभर चक्क गप्प राहतात; हीच त्यांची प्रार्थना. अहो-जाहो कुणालाच नाही. ऐंशीच्या मर्ललाही सगळे 'तू'च म्हणतात. मी कपाटावर नुसता चुळबुळत असे.

गावाबाहेरच्या छावणीत सरकारने कोलंबोहून आश्रय मागायला आलेल्या कुगन नावाच्या तमिळ तरुणाला डांबलं होतं. मर्ल दर आठवड्याला केक घेऊन त्याला भेटायची. मग छावणीवाल्यांनी भेटी बंद केल्या, त्याचा फोनही काढून घेतला. 'मी आपखुशीने परत जातो' अशा कागदावर सही कर, म्हणून त्याच्यामागे लकडा लागला. इकडे आमच्या मंडळींनी मंत्र्याला अर्ज धाडले, खासदाराचे उंबरे झिजवले आणि शेवटी वकिलाने कोर्टात सोमवारची सुनावणी मिळवली. पण तोवर सही करू नकोस, हे कुगनला सांगणार कोण?

"भोंगा आहे की," ऑल्विन म्हणाला. "आधी त्या मंत्र्याच्या दारात जाऊन त्याचे कान किटवतो."

"मला नाही पटत," मर्ल म्हणाली. "मंत्र्यावर ओरडून तुझा जीव थंड होईल. कुगनचं काय?"

यांच्यात मतदान नसतं. एकालाही पटलं नाही, की सगळे पुन्हा गप्प बसतात. माझा जीव वरखाली होत होता. अरे, बसलात काय, उठा ना! दुपार टळल्यावर ऑल्विन पुटपुटला, "बरं बाई, तुझंच खरं. छावणीच्या कुंपणाशीच जाऊ."

कुंपणाशी मर्लने मला तोंडाजवळ धरलं. "कुगन," एवढंच बाहेर पडलं. मग मी घरघरलो आणि बंद पडलो. गप्प बसणाऱ्यांच्या घरात भोंग्याचे सेल कोण बदलणार?

"कुगन, सही करू नकोस!" ऑल्विन नुसत्या गळ्याने ओरडला. मग मर्ल, मग सगळेच ओरडले. पण समुद्राचा वारा उलटा होता आणि कुगनची खोली मागच्या अंगाला होती.

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. पुढे कोलंबोहून फोनवर तो मर्लला म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मला विसरलात."

मित्रांनो, खुशाल गप्प बसा. पण माझे सेल तेवढे बघत जा. कुंपणाआड अजून माणसं आहेत.