गिऱ्हाईक नसेल तेव्हा

"मावशी, हा लाल पण घालून बघा ना. तुमच्या गोऱ्या पायाला लाल काय खुलून दिसतो!" असं म्हणत खांबताईने आणखी एक डबा उघडला.

गल्ल्यावरचा मालक उघडलेल्या डब्यांवरच्या किमती मोजू लागला. मावशी म्हणजे त्याची सख्खी सासू, आणि सासूच्या हातात बिल ठेवणारा जावई अजून जन्माला यायचा आहे.

खांबताई या चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला होती. ऐन तारुण्यात आली ती केस पिकेपर्यंत उभीच, म्हणून शेजारच्या दुकानदारांनी हे नाव ठेवलं. खोटं वाटेल, पण एकदा नवा रंगारी भिंत रंगवता रंगवता तिच्या खांद्यावरूनही ब्रश फिरवून गेला होता. खुर्च्यांना तोटा नव्हता. मऊ गाद्यांच्या खुर्च्यांची रांगच होती. पण ती गिऱ्हाइकांसाठी. एकदा अंगात सणसणून ताप असताना ती टेकली, तर मालकाने भर दुकानात दंड धरून उठवलं होतं. "बसायचंय ना? मग घरी बस, कायमची!"

ती उठली. पण त्या दिवसापासून तिने एकच गोष्ट मनात धरली. एक दिवस याच्या डोळ्यांदेखत बसायचं, आणि याने नुसतं बघत राहायचं.

आणि मग निकाल लागला. दुकान-कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षं रेटलेल्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की, प्रत्येक दुकानाने विक्रेत्यांना खुर्ची द्यावी आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांना बसू द्यावं. नाहीतर दुकानाला टाळं.

मालकाने निमूटपणे एक खुर्ची आणून ठेवली. खांबताई टेकणार, एवढ्यात तो गालातल्या गालात हसला.

"गिऱ्हाईक नसेल तेव्हा, बरं का! आधी ते नसायला तर हवं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच सासूबाई विणकाम घेऊन हजर. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मधल्या खुर्चीत बसून. तपासणीला कामगार खात्याचे साहेब आले.

"ह्या बाई उभ्या का?"

"गिऱ्हाईक आहे ना, साहेब," मालकाने सासूकडे बोट दाखवलं. साहेब मान हलवून निघून गेले.

खांबताईच्या पिंढऱ्यांतून कळा येत होत्या. ती दात-ओठ खात उभी राहिली. मग एकाएकी तिचा चेहरा असा उजळला, की मालकाला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

"मालक, ह्या नक्की गिऱ्हाईकच ना?"

"म्हणजे काय! साहेबांना तसंच सांगितलंय."

"मग त्यांना ताटकळत ठेवणं शोभतं का आपल्याला?"

आणि तिने माळ्यावरून डबे उतरवायला सुरुवात केली.

घरात कुणी विचारत नसलेल्या त्या म्हातारीपुढे एक बाई गुडघे टेकून बसली, पाऊल हातात घेतलं, "दुखतंय का हो इथे?" म्हणाली. मावशी विरघळल्या. पहिल्या दिवशी सपाता गेल्या, मग सॅंडल, मग उंच टाचेचे बूट, जे घालून त्यांना दारापर्यंतही जाता येईना. पुढे त्यांनी धाकट्या बहिणीला आणलं, बहिणीने नणंदेला, नणंदेने तिच्या तिन्ही सुनांना. सगळ्या जावईबापूंच्या दुकानातून नव्या जोडात बाहेर पडल्या. त्या आठवड्यात गावभर मालकाचं सासर टकटक करत फिरत होतं म्हणतात.

"अगं, तू त्यांना दाखवतेस कशाला?" मालक दात आवळून कुजबुजला.

"न दाखवून कसं चालेल? गिऱ्हाईक आहे म्हणून तर मी उभी आहे."

शेवटी त्याने सासूपुढे हात जोडले. "आई, घरी जरा आराम करा ना."

"हाकलतोस मला? तुझ्यापेक्षा ती बाई बरी!" मावशींनी विणकाम गुंडाळलं, हातात पडले ते दोन डबे उचलले आणि ताठ मानेने निघून गेल्या. त्या संध्याकाळी घरी बायकोने जे ऐकवलं, ते चार गल्ल्या पलीकडे पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. खांबताईने आपली खुर्ची ओढली, थेट गल्ल्यासमोर, आणि बसली. कंबर नुसती हुळहुळत राहिली.

समोर जमिनीलगत तिरका आरसा होता, फक्त पाय दिसतील एवढाच. त्यात तिने जन्मभर दुसऱ्यांचे पाय पाहिले होते. तिने चपला काढल्या. आरशात दोन पाय आले. घोट्याशी सुजलेले, वरपर्यंत निळ्या शिरांची गुंतवळ झालेले. ते कुणाचे, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला.

मालकालाही ते दिसले. त्याने वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं.

खांबताईने पाय मागे घेतले नाहीत.