दंडयुक्त दीर्घिका

आजही माणसं आली नाहीत, तर पुढच्या शनिवारपासून हॉल कॅरमवाल्यांना देणार, असं वाचनालयाच्या अध्यक्षांनी, हिंदुरावांनी, मला सकाळीच सांगून टाकलं. त्यांचंही चुकत नव्हतं. गेल्या शनिवारी मी धूमकेतूंवर बोलले तेव्हा समोर माझी आई, स्वतः हिंदुराव आणि पंखा बंद करायला थांबलेला शिपाई सिद्धाराम एवढेच होते. आणि सिद्धाराम झोपला होता.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. आकाशातल्या गोष्टी मराठीतून सांगाव्यात ही माझी हौस, आणि शनिवारची संध्याकाळ ही त्या हौसेची एकुलती एक जागा. त्या दिवशीचा विषय मी सिद्धारामला लिहून दिला : 'दंडयुक्त भिंगाकार दीर्घिका, चित्रांसह व्याख्यान'. दाराबाहेरचा फळा तोच लिहायचा. अक्षर टपोरं, आणि हौस माझ्याहून दांडगी. 'दंडयुक्त' हा शब्द त्यानं लाल खडूनं एवढा मोठा काढला, की भिंगाला आणि व्याख्यानाला जागाच उरली नाही. फळ्यावर उरलं ते असं : 'आज सायंकाळी. दंडयुक्त दीर्घिका. सर्वांनी हजर राहावे.'

संध्याकाळी मी पोहोचले, तर दारात चपलांचा ढीग. आत खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं उभी. मी चुकून कुणाच्या साखरपुड्यात शिरले की काय!

पहिल्या रांगेत शेजारच्या चाळीतल्या बजाबाई पदर खोचून बसल्या होत्या.

"बाई, आदी हे सांगा. दंड किती?"

"कसला दंड?"

"दीर्घिकेचा! दीर्घ म्हंजे लांब. लांब नळी. नळाला जोडली की दंड, असंच न्हवं?"

त्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत होतं, आणि रबरी नळी लावणाऱ्यांना दंड बसणार अशी आवई गल्लोगल्ली फिरत होती. मला हसू फुटलं, पण ते मी आवरलं. खरं सांगितलं तर हॉल रिकामा होणार. दाराशी हिंदुराव तोंडाचा आ करून गर्दीकडे बघत होते.

"दंड नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

सगळ्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि खुर्च्या सरकू लागल्या.

"पण ती दीर्घिका केवढी लांब आहे, ते तरी बघून जा!"

सिद्धारामनं झटकन खिडक्यांवर चादरी ओढल्या. पडद्यावर एक धुरकट पांढरी चकती उमटली. मधोमध फुगीर गोळा, आणि त्यातून आरपार गेलेला उजळ पट्टा.

"दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. हे सगळे तारे. अब्जावधी. या टोकाचा उजेड त्या टोकाला जायला लाखभर वर्षं लागतात."

अर्धवट उठलेले होते ते तसेच अर्धवट बसले.

"हा मधला पट्टा म्हणजे दंड. दांडा म्हणा."

"आन् हात कुटं हायती?" तालमीतले कोंडीबा मागून ओरडले.

"हिला नाहीत. काही दीर्घिकांना वळसेदार भुजा असतात. ही नुसती सपाट, आणि मध्ये फुगलेली. बाजूनं पाहिली तर मसुराच्या दाण्यासारखी दिसते."

"दंड हाय आन् भुजा न्हाईत?" कोंडीबांनी बाही वर सारून स्वतःचा दंड फुगवला. "असला कसला पैलवान वो बाई?"

हॉल खदखदून हसला. इतकी वर्षं हा शब्द मी वर्गातल्या फळ्यावर लिहीत होते. दंडाच्या पुढे हात असतो, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. हसता हसता माझ्या हातातली चित्रं दाखवायची काठी पडली.

"आन् पोरंबाळं?" बजाबाईंनी विचारलं. "नवं तारं हुत्यात का न्हाई?"

"तारे वायूतून जन्मतात. हिच्यातला वायू बहुतेक सगळा संपलाय. म्हणून नवे तारे जवळजवळ नाहीतच. उरलेत ते म्हातारे, तांबूस पिवळे."

"म्हंजे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तितंबी पोचला म्हणा की!"

आता मात्र सगळे हसत सुटले. हिंदुरावांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढं बोलताना मला प्रत्येक वाक्याला ढकलून द्यावं लागत होतं, आणि ते नेमकं हशातच जाऊन पडत होतं.

चित्रं संपली, चादरी बाजूला झाल्या. तरी कुणी उठेना.

"बाई," बजाबाई म्हणाल्या, "आन् आपून ऱ्हातो ती कसली? भुजावाली का बिनभुजांची?"

मी हिंदुरावांकडे पाहिलं. "ते पुढच्या शनिवारी. शनिवार मिळाला तर."

सगळा हॉल हिंदुरावांकडे वळला. ते घाईघाईनं उठले.

"शनिवार तुमचाच हाय, बाई. पर तवर आमी झोपायचं कसं? आत्ताच सांगा की!"

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकीवर चादर ओढली.